श्वानशर्यतींचे नियम करण्याआधी चौकशी कोण करणार ते ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बैलगाडा शर्यतींप्रमाणे श्वानशर्यतींनाही नियम करून परवानगी द्यावी, परदेशात त्यासाठी जुन्याजाणत्या संस्था आहेत, त्यांचेच नियम इथे आणावेत, अशी मागणी होत आहे. संस्था आहेत हे खरे. पण त्यांत शर्यती भरवतो कोण, जखमांची नोंद ठेवतो कोण आणि धावणे संपलेल्या कुत्र्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत. चुकीचे उत्तर निवडल्याची किंमत कुत्र्यांनी मोजलेली आहे. म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे ग्रेहाऊंड (शर्यतीसाठी पाळली जाणारी सडपातळ, वेगवान कुत्र्यांची जात) पळवण्याची पहिली सार्वजनिक शर्यत २४ जुलै १९२६ रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. नियम आणि परवाने पाहण्यासाठी १९२८ मध्ये नॅशनल ग्रेहाऊंड रेसिंग क्लब स्थापन झाला. पुढे खेळाच्या धंद्याची बाजू वेगळे मंडळ पाहू लागले. २००९ मध्ये दोन्ही एकत्र करून ग्रेहाऊंड बोर्ड ऑफ ग्रेट ब्रिटन ही संस्था झाली. शिस्तभंगाची सुनावणी तिथे वेगळ्या समितीपुढे होते. तरी खेळ वाढवणे आणि खेळाला लगाम घालणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली आली, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

इंग्लंडमध्ये २०१० पासून शर्यतीच्या ग्रेहाऊंडांसाठी स्वतंत्र नियम आहेत. मैदानावर पशुवैद्यक हजर असल्याशिवाय शर्यत घेता येत नाही, प्रत्येक कुत्रा धावण्याआधी तपासला जातो, मायक्रोचिप आणि कानावर गोंदलेला क्रमांक लागतो, जखमांच्या नोंदी दहा वर्षे जपाव्या लागतात. बोर्डाचा स्वतःचा एक नियम तर जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे: मागील धावेच्या तुलनेत वजनात एक किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर कुत्रा त्या दिवशी बाद. वजन अचानक घटले तर आजार किंवा उपासमार, वाढले तर मुद्दाम जड करून संथ पळवण्याचा संशय. तराजूवरची एक नोंद दोन्ही गोष्टी पकडते. मात्र जखमांच्या नोंदी 'ठेवा' असे कायद्याने सांगितले, 'छापा' असे सांगितले नाही. साऱ्या देशाची एकत्रित आकडेवारी २०१८ या वर्षापासून बाहेर येऊ लागली. तोवरची आठ वर्षे कागद कपाटातच राहिले.

जखमा होतात कशा, हे समजल्याशिवाय नियम कागदावरच राहतील. लंबवर्तुळाकार ट्रॅकवर कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने वळतात. वळणावर शरीर डावीकडे झुकते आणि मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर वारंवार दाब येतो. त्या सांध्यातले मधले हाड आधी सूक्ष्म तडे धरते आणि एखाद्या दिवशी फुटते. म्हणून ताज्या अस्थिभंगाआधी आठवडेभर बारीक लंगडणे, सांध्यावर हलकी सूज, वळणावर बाहेर फेकले जाणे अशी चिन्हे शोधायची असतात. दुसरे कारण गर्दी. यांत्रिक ससा आतल्या कठड्याला लागून पळतो, सगळी कुत्री त्याच रेषेकडे ओढली जातात आणि पहिल्या वळणावर एकमेकांवर आदळतात. सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने न्यू साऊथ वेल्ससाठी ट्रॅकचा अभ्यास केला, त्यातून तीन उपाय पुढे आले: शक्य तिथे सरळ ट्रॅक, एका शर्यतीत आठऐवजी सहा कुत्री, आणि ससा कठड्यापासून आत, ट्रॅकच्या मध्याकडे नेणारा लांब दांडा.

आपल्याकडे माळावर किंवा शेतात सरळ पट्ट्यावर कुत्री पळवली, तर वळणाचा धोका जातो. बाकीचे धोके उरतात. कापणीनंतरचे खुंट, दगड, वरून भुसभुशीत आणि आतून टणक जमीन यांत पायाची बोटे निखळतात. शेवटच्या रेषेपुढे थांबायला पुरेशी मोकळी जागा नसली, तर कुत्रे दोरीत, वाहनात किंवा प्रेक्षकांत घुसते. आणि ऊन. धावून आलेल्या ग्रेहाऊंडचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. एरवी ते ३८ ते ३९ असते. जत्रांचा हंगाम चैत्र-वैशाखात, भर दुपारी. तिथे सावली, अंगावर ओतायला भरपूर पाणी आणि वारा घालण्याची सोय हीच पहिली औषधे आहेत. उपचार करणाऱ्यानेही लक्षात ठेवावे की या जातींच्या रक्तात लाल पेशींचे प्रमाण मुळातच जास्त असते, त्यामुळे अहवालात शरीरातले पाणी कमी झाल्यासारखे दिसू शकते. थायोपेंटोनची भूल त्यांना इतर कुत्र्यांपेक्षा फार उशिरा उतरते. कारवान, पश्मी ही आपल्याकडची कुत्रीही याच चणीची, म्हणून त्यांच्या बाबतीत हीच सावधगिरी बाळगावी.

ऑस्ट्रेलियातला अनुभव मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. २०१५ मध्ये तिथे कुत्र्यांना सरावासाठी जिवंत प्राणी पुरवले जात असल्याचे उघड झाले. माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांच्या चौकशी अहवालाने २०१६ मध्ये सांगितले की न्यू साऊथ वेल्समध्ये बारा वर्षांत जन्मलेल्या ९७,७८३ ग्रेहाऊंडांपैकी ४८,८९१ ते ६८,४४८ कुत्री केवळ पुरेशी वेगवान नाहीत म्हणून मारली गेली. या दोन आकड्यांमधले अंतर पाहा. जन्माची नोंद होती, मरणाची नव्हती, म्हणून सुमारे वीस हजार जीवांचा हिशेबच लागला नाही. सरकारने जुलै २०१६ मध्ये बंदी जाहीर केली, ऑक्टोबरात मागे घेतली. त्यानंतर २०१७ च्या कायद्याने ग्रेहाऊंड वेल्फेअर अँड इंटिग्रिटी कमिशन हा वेगळा आयोग आला. परवाने, तपासणी, उत्तेजकांची चाचणी आणि शिक्षा आयोगाकडे. शर्यतींचा धंदा जुन्या संस्थेकडे. अशी फाळणी सुरुवातीलाच व्हायला हवी होती.

निवृत्तीचा पैसा हा दुसरा कळीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये निवृत्त कुत्र्यांना घरे शोधणारा ट्रस्ट १९७० च्या दशकापासून काम करतो, पण तो आणि त्याच्यासारखी केंद्रे दीर्घकाळ देणग्यांवर चालली. २०२० पासून नोंदणीच्या वेळीच ४०० पौंडांची अनामत, निम्मी मालकाची आणि निम्मी बोर्डाची, बाजूला पडू लागली. कुत्रे मान्यताप्राप्त केंद्रात गेले की ती रक्कम केंद्राला मिळते. पैसे आधी घेतले, तरच ते हाती येतात. हरलेल्या कुत्र्याचा मालक नंतर पैसे देत नाही. तिथल्या बुकींचे योगदानही ग्रेहाऊंडांच्या बाबतीत ऐच्छिक आहे, उलाढालीच्या ०.६ टक्के, आणि ऐच्छिक असल्यामुळे कितीतरी कंपन्यांनी वर्षानुवर्षे ते टाळले. आयर्लंडमध्ये सरकार घोडे आणि ग्रेहाऊंड यांच्यासाठी एकच निधी देते, ८० आणि २० टक्के अशी वाटणी. २०२४ मध्ये ग्रेहाऊंडांच्या वाट्याला १ कोटी ९० लाख युरो आले. आपल्या तिजोरीतून असे काही मागायचे असेल, तर ते उघडपणे सांगावे.

आणि हेही सांगायला हवे की ज्या देशांचे अनुकरण करायचे म्हणतात, तेच मागे फिरत आहेत. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ मध्ये बंदीचा कौल दिला आणि २०२० अखेर तिथल्या शर्यती थांबल्या. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये, वेल्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदीचा निर्णय जाहीर केला.

मुंबईकरांना शर्यत म्हटले की महालक्ष्मीचे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान आठवते. तिथे क्लबच शर्यती भरवतो आणि त्याचेच स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) निकाल देतात; त्यावर १९१२ च्या परवाना कायद्याची चौकट आहे. तोच साचा कुत्र्यांना लावू नये. घोड्याची किंमत मोठी, म्हणून त्याची काळजी घेण्यात मालकाचा स्वार्थ असतो. पिल्लू स्वस्तात मिळते आणि एका विणीत सात-आठ येतात, हा फरक मोठा आहे. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. जिवंत ससा सोडणाऱ्याला पन्नास रुपयांचे भय ते काय वाटणार?

सरकारला परवानगी द्यायचीच असेल, तर आयोजकांचा एकही प्रतिनिधी नसलेली तपासयंत्रणा आधी हवी, आणि ती पशुसंवर्धन विभाग व राज्य प्राणी कल्याण मंडळ यांच्या हाताखाली असावी. पैदास करणाऱ्याची नोंदणी २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार बंधनकारक आहेच. त्यांत मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत वीण घेता येत नाही आणि वर्षाला एकापेक्षा जास्त वीण घेता येत नाही. प्रत्येक पिल्लाची चिप आठव्या आठवड्यापूर्वी लागावी आणि तिच्यासोबत निवृत्तीची अनामत भरली जावी. पिल्लू विकले, दिले, मेले, निवृत्त झाले, तर सात दिवसांत नोंद, नाहीतर अनामत जप्त. जखमेच्या नोंदीत कुत्र्याचा चिप क्रमांक, धावेचे अंतर, जमिनीची स्थिती, त्या वेळचे तापमान, जखमेची जागा, तपासणाऱ्या पशुवैद्यकाची सही आणि तीस दिवसांनंतर कुत्र्याची अवस्था, एवढे रकाने असावेत. या नोंदी दर तिमाहीला मैदाननिहाय जाहीर व्हाव्यात.

निवृत्त कुत्र्याला शहरात घर देण्याचीही तयारी लागते. आयुष्य कुत्राघरात गेलेल्या प्राण्याला जिने आणि काचेची दारे ठाऊक नसतात, आणि मांजर दिसले की तो सुटतो. त्यामुळे घर देणाऱ्या केंद्राने कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधून मांजरासमोर त्याची चाचणी घ्यावी, निकाल लेखी द्यावा आणि बंदिस्त जागेबाहेर पट्टा कधीही न सोडण्याची अट दत्तकपत्रात लिहावी. असे केंद्र चालवायला जागा कुठे, पशुवैद्यक किती आणि पहिल्या वर्षीचा खर्च कोण देणार, हे परवानगीच्या मागणीसोबतच आयोजकांनी लिहून द्यावे.

आपला,
एक पशुवैद्यक, परळ, मुंबई