तंजावरच्या अक्कांना, त्या चिठ्ठीबद्दल

अक्का, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हीच सांगितलं होतंत, की घरात मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. म्हणून रविवारी फोन करून मी ते तुम्हाला सावकाश वाचून दाखवणार आहे. सगळ्यांसमोर लिहितेय ते अशासाठी, की तंजावरला निघालेल्या आणखी चार मराठी माणसांच्या हाती ते पडावं. तुमच्यामुळे आम्हाला जे मिळालं, ते थोडं तरी त्यांनाही मिळावं.

आम्ही साताऱ्याकडचे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि दोघांनीच, फक्त दोघांनी, असा हा पहिलाच प्रवास. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं आजारपण. त्या गेल्यावर घर इतकं शांत झालं, की यांनीच एक दिवस म्हटलं, कुठेतरी जाऊ. तीन दिवस हातात होते. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावरला उतरलो. लॉजवाल्यांनी खोली बारानंतरच मिळेल म्हणून सांगितलं, तेव्हा सामान तिथे टाकून, नीट काही न खाता, सरळ बृहदीश्वराच्या मोठ्या मंदिरात आलो. तिथले लोक त्याला पेरिय कोविल म्हणतात, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारी असूनही साडेअकराचं ऊन चांगलंच होतं. अनवाणी पायांखाली दगड तापलेला. दुपारी मंदिर बंद होतं, म्हणून आम्ही घाईघाईने फिरत होतो, आणि नंदीच्या मंडपापाशी यांना भोवळ आली. खांबाला टेकून खालीच बसले. मी घाबरून मराठीतच ओरडले, "अहो, डोळे उघडा!" आणि मागून कुणीतरी मराठीतच म्हणालं, "घाबरू नको. सावलीत घे त्यांना."

अक्का, तो क्षण मी विसरणं शक्य नाही. सूर सगळा तमिळ, शब्द मात्र माझ्या आजीचे. तुमच्या हातात फुलांची पिशवी होती आणि तुम्ही घरी निघाला होतात. तुम्ही आम्हाला बाहेर आणून सावलीत बसवलंत, मुलाला पिटाळून नीर मोर मागवलंत. पातळ ताक, त्यात आलं, कढीपत्ता, मीठ. दोन पेले पोटात गेल्यावर यांच्या चेहऱ्यावर रंग आला. मग तुम्ही विचारलंत, की सकाळपासून काय खाल्लंत? मी म्हटलं, बिस्किटं. त्यावर तुम्ही जी नजर टाकलीत, ती थेट माझ्या आईची होती.

आमच्या तीन दिवसांचा कागद तुम्ही मागून घेतलात आणि मला वाचायला लावलात. तंजावर, कुंभकोणम, दारासुरम, गंगैकोंडचोळपुरम, चिदंबरम, शिवाय वाटेतली चार-पाच देवळं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "हे बघणं नाही, हे हजेरी लावणं आहे." दारासुरम ठेवायला सांगितलंत, तिरुवैयारू तुमच्याकडून घातलंत, बाकी सगळं पुढच्या वेळी. कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या मागे तुम्ही तमिळमध्ये भराभर लिहिलंत आणि माझ्या हातात दिलंत. कुठेही अडलं की हे दाखवायचं, एवढंच सांगितलंत. एक शब्द मात्र पाठ करून घेतलात: पोदुम. म्हणजे पुरे.

त्या शब्दाची गरज तासाभरात कळली. चिठ्ठी दाखवल्यावर रिक्षावाल्याने न विचारता एका साध्या जेवणघरात नेलं. केळीचं पान, त्यावर पाणी शिंपडून पुसायचं, मग भाताचा डोंगर. त्यावर सांबार, मग रसम, मग ताक, आणि प्रत्येक वेळी भात नव्याने. बाजूला कूट्टू म्हणजे डाळ घातलेली भाजी, पोरियल म्हणजे सुकी भाजी, आणि अप्पळम म्हणजे पापड. वाढणारा मुलगा थांबतच नव्हता. काकडी आणि भिजवलेल्या मूगडाळीची कोसुमल्ली आली, ती आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच वाटली. "पोळी" असं ऐकून आम्ही हो म्हटलं, तर पानावर आली ती पुरणपोळी! तिथे पोळी म्हणजे गोडच. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, तृप्त झालो असं त्यातून सांगायचं, हे शेजारच्या आजोबांनी हाताने करून दाखवलं.

आणि खाण्याचंच बोलायचं तर सकाळचं पोंगल, तांदूळ-मूगडाळीची खिचडीच म्हणा. तूप, मिरी, काजू, आणि इतकं मऊ की चमचा टेकवायचा अवकाश. इडलीबरोबर चटणीऐवजी कडप्पा घ्या, असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलं असावं, कारण न मागताच ती आली. मूगडाळ आणि बटाट्याची ही पातळ भाजी आमच्याकडच्या इडलीच्या हॉटेलांत मी कधी पाहिली नव्हती. आता दर रविवारी करते. कॉफी मात्र जमत नाही. पितळेच्या टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, डबऱ्यातून परत टंबलरमध्ये, वरून खाली धार सोडत ती फेसाळवायची, हे यांनी आठ दिवस करून पाहिलं. चव जवळपास येते, फेस येत नाही. या वेळी भेटलात की एकदा हात धरून शिकवा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही स्वतः आलात. चारनंतरचं मंदिर म्हणजे सकाळचं मंदिरच नव्हे. उतरत्या उन्हात तो सगळा ग्रॅनाइट मधासारखा होतो. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच आहे, हे मी आधी वाचलं होतं; पण हिरवळीवर बसून मान वर करून अर्धा तास नुसतं बघायचं असतं, हे तुम्ही सांगितलंत. एक गाइड लोकांना सांगत होता, की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. तुम्ही आम्हाला बाजूला नेऊन फरशीवर पसरलेली लांबच लांब सावली दाखवलीत. "मंदिर खरंच एवढं मोठं आहे, त्याला खोटं कशाला जोडायचं?" हे तुमचं वाक्य मी आता कित्येकांना सांगितलंय.

मग तुम्ही आम्हाला प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या भिंतीच्या, नैऋत्य बाजूला नेलंत. भिंतीवर ओळीच्या ओळी कोरलेल्या. देवनागरी! तमिळ देशात, हजार वर्षांच्या चोळ मंदिरात, मराठी. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बाबूराव चिटणिसांकडून लिहवून घेतलेली भोसले वंशाची हकिकत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे इथे आले आणि त्यांच्या वंशाने पुढे १८५५ पर्यंत हे शहर आपलं मानलं, एवढं आम्ही शाळेत दोन ओळींत शिकलो होतो. त्या दोन ओळींची ही भिंत.

तुम्ही म्हणालात, "साठ वर्षं मी इथून प्रदक्षिणा घालते. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. वाच की."

मी वाचायला लागले, अक्का. भाषा जुन्या वळणाची, मध्येच अडत होते, बोट ठेवून ठेवून पुढे जात होते. मी थांबले की हे पुढचा शब्द लावत होते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात आणि एखादा ओळखीचा शब्द आला की मान हलवत होतात. जेमतेम दहा-बारा ओळी झाल्या असतील. दिवे लागेपर्यंत आपण तिघं तिथेच होतो. मंदिरं पुष्कळ पाहिली, पण आपल्या अक्षरओळखीचा असा उपयोग होईल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. तुम्ही मला धन्यवाद म्हणालात. अहो, ते तर मी म्हणायचं होतं!

दुसरा दिवस राजवाड्यात गेला. आधीच्या नायक राजांनी बांधायला घेतलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा आज थोडा थकलेला आहे, पण त्यातल्या एकट्या कलादालनासाठीही तंजावरला जावं. चिठ्ठीत तुम्ही एकाच मूर्तीखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तिरुवेंकाडू गावची, वृषवाहन म्हणजे नंदीसोबतच्या शिवाची कांस्यमूर्ती, १०११ सालची. जटांचं पागोट्यासारखं वेटोळं, एक पाय सहज पुढे, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला. पण नंदी तिथे नाहीच. हात हवेत तसाच, निवांत टेकलेला. हे त्या मूर्तीपुढे फार वेळ उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आई गेल्यापासून मला अगदी असं होतं. हात ठेवायला जातो, तिथे कुणी नसतं." वर्षभरात ते याबद्दल पहिल्यांदा बोलले. आम्ही वाड्याच्या पायरीवर बसून खूप वेळ बोललो. ती मूर्ती आमच्या कागदावर नव्हती, अक्का. ती तुम्ही घातलीत.

सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं पाहिली. तिथे मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या घरात आहेत, मोडी कागद वेगळे. सरफोजी राजांना वैद्यकाची इतकी आवड, की डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवलेल्या. वेळ थोडा होता. पुढच्या वेळी अख्खा दिवस तिथेच. बाजारातून डुलणाऱ्या राजा-राणीच्या बाहुल्या घेतल्या, तलैयाट्टी बोम्मै. तळ जड आणि गोल, कितीही आडवं पाडा, परत उभ्या राहतात. त्या आता टीव्हीशेजारी आहेत.

तिसऱ्या दिवशी दारासुरमला दगडी रथाची चाकं आणि उधळलेले घोडे पाहिले, आणि परतताना तिरुवैयारूला कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज यांच्या समाधीपाशी बसलो. तिथला अशोका हलवा मूगडाळीचा, केशरी रंगाचा, तुपाने ओथंबलेला आणि गरम. पानावरून खाल्ला, मग बोटं चाटली. दुसरं पान यांनी घेतलं तेव्हा "पोदुम" म्हणायला मी विसरले.

त्या रात्री तुमच्या घरी जेवलो. तुम्ही आंबट भाजी केली होती. पहिला घास घेतल्यावर मला शब्द सुचेना. नाव आपलं, चव अर्धी आपली, अर्धी कावेरीची. तुमच्या सूनबाई तमिळमध्ये बोलत होत्या, तुम्ही मराठीत, नातू दोन्हीत, आणि सगळं कळत होतं. निघताना तुम्ही माझ्या केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा माळलात. स्वतः माळलात, हातात नाही दिलात.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला सांगायची राहिली. तुमची चिठ्ठी तीन दिवस आम्ही सगळ्यांना दाखवली. रिक्षावाले, वाढपी, कलादालनाचे रखवालदार. प्रत्येक जण ती वाचायचा, शेवटी येऊन हसायचा, आणि मग आमच्याशी वागणंच बदलायचं. कुणी पाणी आणून द्यायचं, कुणी खुर्ची. आम्हाला वाटायचं, पत्ते आणि पदार्थच लिहिलेत. परतीच्या गाडीत समोर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीला मी ती वाचून दाखवायला सांगितली. तिने इंग्रजीत एकेक ओळ सांगितली. कुठलं हॉटेल, तिखट कमी, साहेबांना ऊन लागतं, उभं करू नका. आणि सगळ्यात खाली एक ओळ. ती तिने आधी तमिळमध्येच म्हटली: नम्म वीट्टु पिळ्ळैंग. आमच्या घरची मुलं आहेत.

माझं वय एकावन्न, यांचं पंचावन्न. आम्ही दोघंही त्या मुलीसमोर रडलो.

रविवारी हे वाचताना मी इथे पुन्हा अडखळले तर थोडं थांबा. आणि दिवाळीनंतर सातारला यायचं कबूल केलंयत, ते विसरू नका. अजिंक्यतारा चढायचा नाही, गाडी वरपर्यंत जाते. येताना कॉफीची पूड आणा. गाडी ठरली की कळवा, स्टेशनवर आम्ही दोघंही येतो.

तुमचीच,
घरची मुलगी