फरशीवरचं पाणी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा म्हणालास, पाऊस जरा उघडलाय, शनिवारी परत एडिथ धबधब्याला निघतोय. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी तुझ्याकडे ऑस्ट्रेलियात आले होते, त्या दिवशी डार्विनहून कॅथरीनला जाताना तू हायवे सोडून धबधब्याच्या फाट्याला वळलास आणि थोड्याच अंतरावर रस्ता पाण्यात गेलेला. कडेच्या मापाच्या खांबावर पाणी ०.४ मीटरच्या रेघेला टेकलं होतं. समोरून एक उंच गाडी पाणी उडवत आली नि निघून गेली. "आई, गुडघाभर पण नाही," म्हणालास. मी उतरले आणि गाडीपुढं उभी राहिले. दोन तास तू माझ्याशी बोलला नाहीस. तू मोबाइलमध्ये होतास, माझी नजर त्या खांबावर. रेघ बुडाली, मग एक फांदी वाहत येऊन खांबाला अडकली, मग तीही दिसेना.

आई घाबरट आहे असं वाटलं असेल. घाबरलेच होते. कशाला, ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

मी नऊ वर्षांची होते. वारणाकाठच्या आपल्या गावाला ओढ्यावर पूल नव्हता, फरशी होती, म्हणजे ओढ्याच्या तळालगतची फरसबंदी वाट. श्रावणातली संध्याकाळ. आजोबा बाजार करून बैलगाडीनं येत होते, मी मागं पोत्यांवर. फरशीवर पाणी गुडघ्याच्या खालीच होतं. ढवळ्या कडेलाच थांबला. मान खाली घालून फुरफुरला, पाय पुढं टाकेना. आजोबांनी चाबूक ओढला. मधे फरशीची एक बाजू वाहून गेली होती आणि वरून गढूळ पाण्यात ते कुणाला दिसणार? चाक खाली गेलं, गाडी कलली. पलीकडच्या लोकांनी मला उचललं, दोर कापून पवळ्याला सोडवलं. ढवळ्या गेला.

पुढच्या बेंदराला आजोबांनी एकाच बैलाची शिंगं रंगवली. रंगवता रंगवता एवढंच म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." पुन्हा तो विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही.

तुझ्या गाडीला तर थांबायचं कळतही नाही रे. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते.

बाकी दुसऱ्या दिवशीची कॅथरीनजवळची ती घळ मी जन्मात विसरणार नाही. बारुवेच्या कड्यावर चढताना माझे गुडघे बोलत होते, तू हात धरलास, तेव्हाच कळलं राग गेला. खाली लाल-काळ्या कातळाच्या मधून चहाच्या रंगाची नदी, आणि कड्यांवरून जागोजाग पावसाच्या धारा. तू म्हणालास, अशा एकामागं एक १३ घळी आहेत, कोरड्या दिवसांत मधे खडक उघडे पडतात, पावसात सगळी एकच नदी होते. तिथले मूळचे जावोइन लोक त्या जागेला नितमिलुक म्हणतात, म्हणजे सिकाडा किड्यांची जागा, हे मला फार आवडलं. पाऊस थांबला की लगेच त्यांची किरकिर सुरू व्हायची. १९८९ मध्ये ती जमीन त्यांना परत मिळाली, हे वाचून बरं वाटलं.

आणि १९९८ च्या जानेवारीत हीच नदी कॅथरीन गावात २० मीटरच्या वर गेली होती, म्हणजे ६५ फूट! आपल्याकडे आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४५ फूट झालं की सगळ्या सांगलीची झोप उडते. २०१९ ला कृष्णा ५७ च्या वर गेली तेव्हा आपण माळ्यावर काय काय चढवलं, ते तुला आठवत असेल.

धबधबा बारमाही आहे, कुठं पळून जात नाही. मे-जूनमध्ये जा. तोवर पुरात आत शिरलेल्या खाऱ्या पाण्यातल्या मगरीही तिथले रेंजर शोधून पकडतात, मग घळीत वल्हवायच्या होड्या सुरू होतात, असं तूच सांगितलंस ना?

तरी शनिवारी निघालासच, तर आधी रस्ते उघडे आहेत का बघ. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी थांबव आणि मला फोन लाव. तिकडचे सकाळचे सात म्हणजे इथले पहाटेचे तीन, तरी लाव.

भडंगाचं पार्सल टाकलंय. पोचलं की कळव.

तुझी,
आई