मुखपृष्ठ निवडा, पण पुस्तक हातात घेऊन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्षभरातल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमधून सर्वोत्कृष्ट मुखपृष्ठ वाचकांनी निवडावे, हे आपल्या रविवार पुरवणीतले आवाहन वाचून फार बरे वाटले. पुस्तकाचे परीक्षण चार-चार रकान्यांचे येते, पण मुखपृष्ठ कोणी केले हे त्यात शोधूनही सापडत नाही. मात्र निवड कशी व्हावी याविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण आमच्याकडे नुकतीच अशीच निवड झाली आणि ती दोनदा करावी लागली.

इंदुरातल्या एका मराठी ग्रंथालयात मी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी देवघेव सांभाळते. 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या जन्माला 300 वर्षे झाली. तेव्हापासून होळकरांच्या आणि एकूणच मराठेशाहीच्या कादंबऱ्यांना इतकी मागणी आहे, की एकेका पुस्तकासाठी नावे लिहून ठेवावी लागतात. इंदुरात हिंदी पुस्तके खजुरी बाजारात हवी तेवढी मिळतात, मराठी कादंबरी मात्र पुण्याहून मागवायची. दुकानात उभे राहून चार पाने चाळावीत, मग घ्यायचे की नाही ते ठरवावे, ही चैन आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांना नाही. मोबाइलवर काडेपेटीएवढे चित्र दिसते, त्यावर पैसे पाठवायचे. म्हणून मुखपृष्ठाने फसवले तर आम्ही जास्त फसतो.

आम्हीही सभासदांच्या ग्रुपवर सहा नव्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे टाकली आणि मते मागवली. पहिले आले ते लालभडक आकाशाचे. पुढे अहिल्याबाई, मागे नर्मदेचा घाट आणि देवळाचे उंच शिखर. दहा-बारा दिवसांनी पार्सल आले. पुस्तके टेबलावर मांडली. आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, ऐंशीच्या पुढचे, लहानपण सगळे अहिल्याबाईंच्या राजधानीत, महेश्वरला, गेलेले. त्यांनी ते पुस्तक उचलले, चष्मा कपाळावर सारून अगदी डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "अहो ताई, हे तर अहिल्येश्वर! मांसाहेबांच्या पश्चात, त्यांच्याच स्मरणार्थ बांधलेलं देऊळ. त्यांच्या पाठीशी हे उभं कसं राहील?"

सगळे एकदम गप्प झाले. मग आम्ही नीट बघायला लागलो. चित्रातल्या अहिल्याबाईंच्या नाकात टपोऱ्या मोत्यांची नथ होती, हातात हिरवा चुडा. त्यांचे पती खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात पडले 1754 मध्ये, आणि बाईंच्या हाती कारभार आला 1767 मध्ये. राज्यकर्त्या अहिल्याबाई काढायच्या आणि त्यांना नथ-चुडा घालायचा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे दुःख चित्रकाराने ऐकलेलेच नाही. दुसऱ्या एका पुस्तकावर त्यांचे सासरे मल्हारराव यांच्या मागे आपला सातमजली राजवाडा होता. मल्हारराव गेले 1766 मध्ये. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा जुना वाडा जळाला, आणि आज आपण रोज ज्याच्यासमोरून जातो तो त्यानंतर होळकरांचे दिवाण तात्या जोग यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. इंदूरचा वाचक हे ओळखणार नाही असे प्रकाशकांना वाटते का?

कादंबरी कल्पितच असते, मग मुखपृष्ठाला एवढे काटेकोर का मापायचे, असे एका ताईंनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण कादंबरीकाराला आपले कल्पित पटवून द्यायला चारशे पाने मिळतात. मुखपृष्ठ नुसते दिसते आणि डोळ्यांत राहते, ज्यांनी पुस्तक उघडलेही नाही त्यांच्यासुद्धा. शिवाजी महाराजांचे म्हणून इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र आपल्याकडे कित्येक वर्षे चालले होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे खरे चित्र शोधून पुढे आणले तेव्हा ते थांबले. चुकीचे चित्र एकदा घराघरांत गेले की निघता निघत नाही.

म्हणून आम्ही पुन्हा मते घेतली, या वेळी पुस्तके हातात घेऊन. अकरांपैकी नऊ जणांनी जे निवडले त्याला मोबाइलवर जेमतेम दोन मते पडली होती, कारण तिथे तो नुसता पिवळट ठिपका दिसत होता. जुन्या कागदाच्या रंगाची पार्श्वभूमी, पांढऱ्या लुगड्याच्या काठातून आलेला एक वयस्क हात, बोरू, आणि अर्धवट लिहिलेले पत्र. चेहरा नाहीच. आमच्यातल्या एकांना मोडी येते. त्यांनी पत्रावर बोट ठेवून दोन ओळी सरळ वाचून दाखवल्या. चित्रकाराने तिथे रेघोट्या ओढल्या असत्या तरी कोणी विचारले नसते. त्याने अक्षरे लिहिली होती. हे कळल्यावर मला तरी दुसरे कुठले मुखपृष्ठ डोळ्यांसमोर येईना.

त्या चित्रकाराचे नाव शोधायला मात्र भिंग लागले. आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याखाली. दीनानाथ दलालांची चित्रे सहीवरून ओळखू येत, रघुवीर मुळगावकरांचीही. आमच्या कपाटातली त्या काळातली पुस्तके बांधणीला गेली की रेक्झिनची पाठ लावून परत यायची आणि मुखपृष्ठ बाइंडरकडेच फाटून जायचे. आता मी पुस्तक बांधणीला देण्याआधी मुखपृष्ठ सोडवून फाइलला लावते. आतापर्यंत 43 मुखपृष्ठे वाचवली. ज्या गावात देवळालीकर मास्तरांनी 1927 मध्ये चित्रशाळा काढली आणि नारायण श्रीधर बेंद्रे, एम. एफ. हुसेन यांच्यासारखे शिष्य जिथे शिकले, तिथे एवढे तरी व्हायला हवे.

आपल्याला विनंती अशी, की स्पर्धेतली मुखपृष्ठे पुरवणीत मोठ्या आकारात छापावीत, प्रत्येकाखाली चित्रकाराचे नाव ठळक द्यावे, आणि मतदानाआधी त्या काळाचा एखादा अभ्यासक व एखादा चित्रकार यांच्या नजरेखालून ती जाऊ द्यावीत. जमल्यास एकेक प्रत गावोगावच्या मराठी ग्रंथालयांत ठेवण्याची व्यवस्था प्रकाशकांकडून करून घ्यावी. आमच्याकडे सहाही पुस्तके महिनाअखेरपर्यंत टेबलावरच ठेवली आहेत. घरी नेता येणार नाहीत, पण बसून हवा तितका वेळ पाहता येतील.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर