अणुभट्टी, लिनक्स आणि बाबा

संपादक महोदय,

जैतापूरच्या अणुप्रकल्पाची बातमी आली की आमच्या घरात वाद ठरलेला, बाबा कट्टर विरोधात आणि मी मधेच कुठेतरी. परवा म्हटलं भांडण्यापेक्षा करून बघू, म्हणून जुन्या लॅपटॉपवर उबंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) ओपनएमसी टाकलं, एमआयटीत सुरू झालेला हा न्यूट्रॉनचा हिशोब करणारा प्रोग्राम, फुकट आणि कोड सगळा उघडा. एक इंधनकांडी, भोवती पाणी, एवढ्यावरच लॅपटॉपचा पंखा असा घरघरला की आई म्हणे मिक्सर लावलायस का! मग पाणी काढून टाकलं तर न्यूट्रॉनचा वेग कमीच होईना, आणि सावकाश न्यूट्रॉनच अणू सहज फोडतात म्हणून साखळी प्रक्रिया ढेपाळली, शाळेतल्या आकृतीत हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

गंमत म्हणजे लिनक्स 1991 ला फिनलंडमधून आलं आणि जैतापूरसाठी ठरलेल्या ईपीआर या फ्रेंच जातीची भट्टीही तिथे ओल्किलुओटोला आहे, काम सुरू 2005 ला, नियमित वीज 2023 ला. अठरा वर्षं! लिनक्सच्या कोडसारखं भट्टीचं सगळं डिझाइन उघडं टाका असं नाही म्हणत, सुरक्षेचं कळतं हो, पण निदान सुरक्षेची आकडेमोड तरी आमच्यासारख्याला पडताळता येईल अशी द्या की.

बाबा अजून विरोधातच आहेत, पण काल म्हणाले, ते पाणी काढलेलं परत एकदा दाखव.

– एक वाचक, ठाणे