हुरडा ताटात नको, शेतात दाखवा

मुलांसह एक दिवस शेतावर घालवण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख पटला, पण त्यात खुद्द शेतीविषयी फार थोडे आले आहे. झोके, बैलगाडी, जेवण, परतीचा चहा एवढ्यावर सहल आटोपत असेल, तर ती बागेतही होते.

गेल्या जानेवारीत नातवंडांना घेऊन सासवडजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो होतो. हुरडा थेट ताटलीत आला. धाकटीने विचारले, "हा कुठल्या पॅकेटातला?" शेवटी शेजारच्या शेतकऱ्याला विनंती केली. त्यांनी मुलांना ज्वारीत नेले, दाणा नखाने दाबून आतला दुधाळ चीक दाखवला. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेल्या ज्वारीचा दाणा असा कोवळा जेमतेम आठ-दहा दिवस राहतो, पुढे तो टणक होतो. मग गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजली. गरम कणीस हातावर चोळताना धाकटी "आई गं" म्हणाली, पण तिने ते सोडले नाही.

राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले, ते शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे म्हणून. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या अंजिराच्या बागाही मुलांना दाखवता येतील, पुण्यापासून तासा-दीड तासावर आहेत. केंद्रचालकांनी दिवसातला निदान एक तास उभ्या पिकात, शेतकऱ्यासोबत ठेवावा आणि पालकांनीही पैसे भरण्याआधी 'सध्या शेतात काय आहे?' एवढे जरूर विचारावे.

— एक आजोबा, कोथरूड, पुणे