नदीकाठी मोटारमुक्त खडीवाट हवी

महोदय,

सायकलमार्ग म्हटला की डांबर किंवा काँक्रीटच हवे, ही समजूत सोडायला हवी. नदीच्या खोऱ्यातून जाणारी, मोटारींना पूर्ण बंद असलेली बारीक खडीची वाट लांबच्या सायकलप्रवासाला उत्तम. अमेरिकेतील मिझुरी राज्यातला ‘केटी ट्रेल’ पाहा. १९८६ साली बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर चुनखडीचा भुगा दाबून केलेली ही सुमारे ३८५ किलोमीटरची वाट बरेच अंतर मिझुरी नदीला धरून जाते. आगगाडीसाठी काढलेला मार्ग असल्याने चढ सौम्य. मुलांना आणि वयस्करांनाही तो झेपतो. मागून येणाऱ्या हॉर्नची धास्ती नाही, हे तर फार मोठे सुख!

मात्र अशी वाट एकदा केली की झाले, असे नसते. मध्ये किंचित उंचवटा आणि कडेला चर नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी वाटेवरूनच धावते. भुगा वाहून जातो, सुटे गोटे उरतात आणि वळणावर पुढचे चाक सटकते. रुंद टायर आणि थोडी कमी हवा यांनी काही अंशी निभावते, पण सगळा भार सायकलस्वारावर का टाकावा? अशा वाटा आखणाऱ्यांनी बांधणीच्या खर्चाबरोबरच दरवर्षीच्या डागडुजीची तरतूदही आधीच करावी.

— एक सायकलप्रेमी वाचक