रंग बदलला म्हणजे ड्रग्जच, असे नव्हे

संपादक महोदय,
विदेशी टपालात पांढरी पूड सापडते, जागेवरच तपासणाऱ्या रासायनिक किटचा रंग बदलतो आणि लगेच ‘कोट्यवधींचे ड्रग्ज’ अशी बातमी येते. जरा थांबा. अशा किटमधल्या मार्क्विस द्रावणात फॉर्मल्डिहाइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल असते. हेरॉइनवर ते जांभळे होते, अँफेटामिनवर नारिंगी-तपकिरी. पण त्या आम्लाने साधी साखरही करपून तपकिरी पडते. उलट मेफेड्रोन, म्हणजे आपल्याकडची एमडी, त्याला जवळपास दादच देत नाही. रामन यंत्र लेसर प्रकाश टाकून पारदर्शक पिशवी न फोडता पूड ओळखते, मात्र रंगीत गोळी स्वतःच चमकून संकेत झाकोळते. भेसळीत टक्काभर असलेले फेंटानिल हे अतितीव्र अमली द्रव्य तर बहुधा निसटतेच. तिथे पूड पाण्यात विरघळवून चाचणीपट्टी बुडवावी. एक रेघ म्हणजे ‘आहे’, दोन म्हणजे ‘नाही’; गर्भचाचणीच्या नेमके उलटे, म्हणून नवखा हमखास चुकतो!

न्हावाशेवा असो वा कागल नाका, किटचा निकाल प्राथमिकच. पक्की ओळख प्रयोगशाळेतल्या जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) होते. त्यासाठी अमली पदार्थ कायद्याखालच्या (एनडीपीएस) 2022 च्या नियमांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर किमान 5 ग्रॅमचे दोन नमुने काढतात. तोवर बातमीत ‘संशयित’ हा शब्द ठेवावा.

– एक रसायन विश्लेषक, शाहूपुरी, कोल्हापूर